मीठ बघून सांगा

लिमाच्या या टेकडीवर हिवाळाभर ऊन नाही.
धुकं येतं, पत्र्यांवर बसतं,
आणि ओली लाकडं पेटायचं नाव घेत नाहीत.

पहाटे साडेतीनला नेरी आणि ओब्दुलिया
पोती घेऊन खालच्या घाऊक बाजारात उतरतात.
मोडकं गाजर, कोबीची वरची पानं,
एका अंगानं मऊ पडलेला भोपळा.
एर्मेलिंदा सुरीनं नासकं तेवढं काढते
आणि म्हणते, माणसाचंही असं करता आलं असतं तर.

आधी टेकडीवर चौदा चुली होत्या, ज्याची त्याची एक,
आणि गुरुवार उजाडेपर्यंत
त्यातली नऊ पातेली पालथी.
आता डाळ एकत्र येते, चौदाजणींच्या नावावर.
तराजूही एकच, किंचित डावीकडे झुकणारा,
त्यावरून भांडणं होतात.
तेलाच्या डब्यावरून तर परवा मंगळवारी
फेलिपा बैठकीतून तरातरा निघून गेली.
बुधवारी तिचा गॅस संपला
तेव्हा वरच्या चुलीवरच्या बायका
घमेल्यात निखारे घालून तिच्याकडे उतरल्या.
कुणी काही बोललं नाही.
तेलाचा हिशेब अजून लागलेला नाही.

वही माझ्याकडे असते.
नाव, घर, खाणारी तोंडं किती.
ताटाचा एक सोल. नसेल तर रेघ.
महिनाअखेर रेघा मोजायच्या नाहीत, असं ठरलंय.
ते मात्र वहीत लिहिलेलं नाही.
नगरपालिकेचा माणूस विचारतो, लाभार्थी किती?
मी म्हणते, एकशे अठरा.
त्यात रांधणाऱ्याही आल्या,
हे त्याला दोनदा सांगावं लागतं.

एकशे एकोणिसावा सेलेदोनियो.
पिवळ्या पायऱ्या संपतात तिथं राहतो, एकटा.
बावीस वर्षं मासेमारी बोटीवर आचारी होता.
ताट नेलं तर म्हणाला, जेवलोय.
दार लावताना त्यानं चौकट धरली,
ते ओब्दुलियानं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं पोराला पढवून पाठवलं:
आईला सर्दी झालीय, चव लागत नाही,
तेवढं मीठ बघून सांगा.

डबा काठोकाठ भरलेला.
मीठ बघायला चमचाभर पुरतं,
हे बोटीवरच्या आचाऱ्याला कोण सांगणार?
अर्ध्या तासानं डबा परत आला, घासलेला.
निरोप: मीठ ठीक. जिरं आधी परतायला हवं होतं.

तेव्हापासून रोज.
ओब्दुलियाची सर्दी पाच महिने हटलेली नाही.
आम्ही जिरं आधी परततो.
कांदा त्याच्या म्हणण्याइतका लाल करतो,
आणि पोरं आता खरडून खातात.

ऑगस्टात एकदा डाळीची गाडी आलीच नाही.
पातेल्यात कोंबडीचे पाय आणि पुष्कळ पाणी.
असलं काय पाठवायचं, म्हणत आम्ही घुटमळलो.
पोरगा डबा उचलून चालूही लागला होता.

त्या दिवशी निरोप आला नाही.
घासलेल्या डब्याच्या तळाशी
वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी होती,
जाड्या मिठाची, मूठभर.

संध्याकाळी मी वही उघडली.
घेणाऱ्यांची पानं उलटून मागे गेले,
जिथे नेरी बाजारातलं मोडकं गाजर लिहून ठेवते,
आणि लिहिलं:
सेलेदोनियो. मीठ, एक पुडी.