एकेचाळीस किल्ल्या

ऑक्टोबर सरला की माझी फेरी सुरू.
एकेचाळीस फ्लॅट. प्रत्येकात आठवड्यातून एकदा
नळ थोडा सोडायचा,
पाइप गोठू नयेत म्हणून.
म्युनिकचे मालक नाताळात येतात.
काही येतच नाहीत,
फोनवर नुसता भाव विचारतात.

तिसऱ्या मजल्यावर, चौदा नंबरात, मी जरा रेंगाळते.
खाली आमचं गवताचं रान होतं.
माझा बाप, फिन्झेन्स, कंबरेला दोर बांधून कापायचा ते.
विकताना मोजणीवाल्याला म्हणाला,
चढ धरून मोजा हो,
नकाशावर सपाट केलं की कमी भरतं.
मोजणीवाला हसला.
सपाटच मोजलं.
आलेल्या पैशात छप्पर झालं, आणि बापाचा गुडघा.

पण ही खोली त्या रानात नाहीच.
या उंचीवर तेव्हा नुसती हवा होती,
कधीमधी एखादा डोमकावळा.
ती हवा कुणी कुणाला विकली,
आम्हाला कळलंच नाही.
नवी स्की-लिफ्ट आली, तिचा दर पुन्हा चढला.

नळ बंद करते. हीटर आठ अंशांवर,
रिकाम्या खोलीला तेवढं पुरतं.
सव्वापाचची बस खाली दरीत जाते,
जिथलं भाडं मला झेपतं.
उद्या पंधरापासून.