भाजणी

दॉ थ्विन वीट हातात घेते
आणि बोटाच्या पेराने वाजवते.
खणखणली तर उजवीकडे,
बद्द बोलली तर डावीकडे, चुन्यात मिसळायच्या भुग्यासाठी.
मी वहीत रेघा ओढतो. चार उभ्या, एक आडवी.
भूकंपाला किती वर्षं झाली ते मोजायचं सोडलंय.
विटा मात्र मोजाव्या लागतात.

या स्तूपाला नाव नाही, आकडा आहे.
बागानच्या धुळकट सपाटीवर
असे आकडे नजर पोचते तिथवर उभे.
त्यातला हा एक: माथा गेलेला, पोटाला तडा,
तड्यात पिंगळ्याचं बिऱ्हाड.

यांगूनहून को झेया लिन आला,
कमरेला टेप, खिशात दोन फोन.
म्हणाला, बारा हजार विटा नव्या पाडाव्या लागतील.
भट्टीवाल्याने बोटांवर हिशेब केला:
मग चाळीस गाड्या लाकूड.

'कुठलं लाकूड?'

एवढंच विचारलं दॉ थ्विनने,
आणि आम्ही सगळे मागच्या डोंगराकडे बघू लागलो.
डोंगर कसला, भादरलेलं डोकं.
वर दोन ताड, एक मोबाइलचा टॉवर
आणि त्याच्या सावलीच्या पट्ट्यात
एकामागे एक बसलेल्या शेळ्या.

'तिकडे काय बघता,' ती म्हणाली,
'डोंगर इथे आहे.'
आणि तिने स्तूपावर थाप मारली,
म्हशीच्या पाठीवर मारावी तशी.
'कुणीतरी पुण्य केलं. पुण्याला आच लागते.
शिळेवर सोनं कोरलं, भात कोरला, दिव्याचं तेल कोरलं.
सरपण कुणी कोरत नाही.'

त्या दिवशी एक वीट सापडली, कडेला गावाचं नाव उमटलेली.
ते गाव मला माहीत आहे. माझी मावशी दिली आहे तिथे.
आज तिथे चहाला उकळी येईल
एवढ्याही काटक्या मिळत नाहीत.

मग आम्ही मागत फिरलो.
विहिरीच्या काठावरून, डुकरांच्या कुडातून,
शाळेच्या पायरीखालून
जुन्या विटा परत येऊ लागल्या.
कुणी सायकलवर आणल्या, कुणी डोक्यावर,
एकाने रात्री गुपचूप आणून ठेवल्या, दहा.
एक म्हातारी चुलीतलीच वीट काढून घेऊन आली,
काळी, अजून कोमट.
दॉ थ्विनने वाजवली.
अशी खणखणली की शेळ्यांनी माना वर केल्या.
'ही तर आठशे वर्षं रोज भाजली जातेय,' ती म्हणाली,
आणि म्हातारीच्या चुलीसाठी
डावीकडच्या ढिगातली एक काढून दिली.

तरी अकराशे कमी पडल्या.

माथा तसाच राहिला, उघडा.
को झेया लिन दोन दिवस कुणाशी बोलला नाही.
मग त्याने अहवालात 'स्थगित' असं लिहिलं
आणि पिंगळ्याचा फोटो काढून बायकोला पाठवला.

पावसाळा सरता सरता
नव्या दर्जांत एक पान दिसलं. लाल, नखाएवढं.
पिंपळ.
दॉ थ्विनने खिळ्याने चुना उकरला,
मूळ सैल केलं, काटा काढावा तसं अलगद ओढलं.
मी म्हणालो, बोधीचं झाड आहे.
'म्हणून काय भिंत फोडू द्यायची?'
पानाच्या डबीतला कात तिने पदरी न बघता झटकला,
ओल्या चिंधीत रोप गुंडाळून डबीत ठेवलं,
आणि उन्हं कलल्यावर डोंगर चढू लागली.
मी पाण्याचा डबा घेऊन मागे.

तेव्हापासून एक्केचाळीस लावली.
स्तूपांच्या कुशीतून, खांद्यांवरून, एक तर बुद्धाच्या कानामागून उपटलेलं.
वहीच्या मागच्या पानावर त्यांच्याही रेघा आहेत.
जगलेली नऊ. शेळ्यांचं नाव मी काढत नाही,
शेळ्या तिच्याच आहेत.

काल नवव्या रोपापाशी ती उकिडवी बसली,
आळ्यातली माती हाताने सारखी केली
आणि बोटाच्या पेराने जमिनीवर टकटक केलं.
कान लावला.

मी वही उघडून थांबलो. उजवीकडे की डावीकडे?

'कच्चं आहे अजून,' ती म्हणाली.
'पाणी ओत.'