दहा नंबरची काच

बुधवारचा बाजार भरायच्या आत
पुलाच्या कठड्याशी मी तिपाई लावते.
तिचा एक पाय आखूड आहे,
त्याखाली दुमडलेलं पावतीपुस्तक.
खाली गोदेच्या पात्रात ताडपत्र्या उलगडतायत,
कुणी कोथिंबिरीवर पाणी मारतंय,
कुणी कालचाच खुंटा आजही शोधतंय.

पिशवीत तीन काचा.

पहिली तीन स्टॉपची.
ऊन आठव्या हिश्शावर आणते.
पहाटेपुरती ठीक, साडेसातनंतर
ती असून नसल्यासारखी.

दुसरी सहा स्टॉपची.
सेकंदाचा साठावा भाग ताणून
अख्खा सेकंद करते.
माणूस चालत जातो
आणि आपल्या मागे थोडा उरतो,
फडक्यानं घाईत पुसलेल्या पाटीवर
कालचा पाढा उरतो तसा.

तिसरी विकतची नाही.
दुकानातल्याचा भाव ऐकून मी घरी चिडचिडले,
तेव्हा सासरे माळ्यावर चढले,
सातपूरच्या कारखान्यातला मास्क काढला,
त्यातली काच दोन बोटांनी सोडवली.
दहा नंबर. कोपऱ्यात पांढऱ्या रंगात
सु. पगारे,
कारण मास्कांची अदलाबदल व्हायची.
"हिच्यातून एकतीस वर्षं बघितलं," म्हणाले,
"तुझा बाजार काय घेऊन बसलीस."
आणि बशीत चहा ओतला.

आधी फोकस, मग अंधार.
हा क्रम चुकला की सकाळ वाया.
चार रबरबँड लावून काच भिंगावर बसवली,
एका फ्रेमला मिनिटभर.
हिशोब सोपा आहे:
सहा स्टॉपवर, दर दोन सेकंदांनी एक,
तीन तासांची पावणेचार मिनिटं होतात.
या काचेतून साडेसात सेकंद.

पहिली फ्रेम उघडली
आणि बाजार उठून गेला होता.
मेथीच्या जुड्या होत्या, विकणारी नव्हती.
काटा होता, घासाघीस नव्हती.
टोमॅटोच्या ढिगावर नुसता धूर,
म्हणजे चाळीसेक हात.
नदी साबणाच्या पाण्यासारखी गुळगुळीत,
आणि सगळ्यावर हिरवट थर,
शेवाळ चढल्यागत.
व्हाइट बॅलन्स कितीही ओढा,
तो पूर्ण जात नाही.

सहाव्या फ्रेममध्ये एक माणूस आला.
पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी,
कडा अगदी स्वच्छ.
जुन्या हत्यारांच्या पथारीसमोर उभा,
पान्हे, कानशी, बिनदांड्याचे हातोडे.
पथारीवाला दिसतच नाही,
हा दिसतो.
सातव्यात. आठव्यात. बाराव्यात.
एकोणिसाव्यापर्यंत.
वेल्डरचा हात हलला
तर टाका वाकडा, हे त्यांनीच
मला कधीतरी कुकरच्या शिट्ट्या मोजताना सांगितलेलं.

चौदा मिनिटं. काय बघत होते?
पिशवीत कारली घेऊन आले फक्त.

कॉलेजवाल्यांना सहा स्टॉपचं पाठवलं.
त्यांना गर्दी हवी होती,
वाहणारी, रंगीत, शेवटी लोगो.
त्यातही ते असतील बहुतेक,
पण मी दोनदा पाहिलं, मला सापडले नाहीत.
इतक्या माणसांच्या वाहत्या रेघांत
थांबलेल्या माणसावर नजरच थांबत नाही.

रात्री विचारलं त्यांनी,
"चालली का काच?"
"हिरवं येतं," मी म्हणाले.
"येणारच."
कारल्याची एक फोड उचलून
दिव्यासमोर धरली, उगाच.
"आम्हालाही यायचं.
घरी येईस्तोवर जायचं बरंचसं."

साडेसात सेकंदांचं ते मी कुणाला दाखवलेलं नाही.
त्यात ते अर्धा सेकंद आहेत.
पुढच्या बुधवारी पावतीपुस्तकाऐवजी
फरशीचा तुकडा न्यायचाय.
काचा दोन्ही.