शेरा

जीप मी टेकडीमागेच उभी करतो, वाऱ्याच्या पडत्या अंगाला.
दुलमाचा तसा दंडक आहे:
"तुझ्या गाडीचा धूर माझ्या बाटलीत नको."
पुढचं अर्धा कोस पायी,
गोबीचे खडे बुटात घेत.

पेटीत काचेच्या दोन बाटल्या, एक पंप, एक लांब दांडा.
आठवड्यातून एकदा हवा भरायची, एवढंच काम.
बत्तीस वर्षं.
आधी लांब जाऊन मोठा श्वास घ्यायचा,
तो धरायचा,
वाऱ्याला तोंड देत चालत यायचं,
दांडा उभा करायचा, चावी फिरवायची,
आणि छाती फुटायला आली तरी
दूर गेल्यावरच सोडायचा.
आपला श्वास म्हणजे भेसळ.
शेळीचा ढेकर म्हणजे भेसळ.
चुलीतल्या गोवरीचा धूर, तोही.
हवा जगाची हवी, घरची नको.

वर्षातून एकदा दूरच्या प्रयोगशाळेतून कागद येतो.
पहिल्या वर्षी आला: दहा लाखांत तीनशे छप्पन्न.
तेव्हा लुव्सान हसला होता म्हणे,
"दहा लाख शेळ्यांत तीनशे छप्पन्न चुकल्या
तर मी शोधायलाही उठणार नाही."
यंदाचा कागद म्हणतो, चारशे पंचवीस.

एवढ्याशानं काय होतं, मी एकदा विचारलं होतं.
तिनं गेरच्या गोल भिंतीवर थाप मारली.
"हा नमदा बोटभर जाड.
बाहेर उणे चाळीस, आत आपण चहा पितोय.
ऊब चुलीची. हा फक्त तिला जाऊ देत नाही.
आभाळालाही असाच एक आहे, दिसत नाही.
तो नसता तर केव्हाच गोठलो असतो सगळे.
पण कुणीतरी दरवर्षी त्यावर पदर चढवतंय.
उन्हाळ्यात आम्ही नमद्याची खालची कड
वीतभर वर खोचतो, झुळूक येते.
आभाळाची कड कुठून उचलू?"
आणि मला आणखी चहा ओतला, खारट, दुधाळ.

गेल्या फेब्रुवारीत पाऊस पडला.
फेब्रुवारीत. इथे.
रात्रीत तो गवतावरच गोठला, काचेसारखा.
शेळ्यांना गवत दिसत होतं, तोंड पोचत नव्हतं.
खुरांनी खरवडून खरवडून
एकशे दहांतल्या एकोणतीस उरल्या.
लुव्सान पहार घेऊन बर्फ फोडायला गेला होता.
तोही उरला नाही.

त्या आठवड्यात पेटी न्यायला गेलो
तेव्हा वाटलं, बाटल्या रिकाम्याच असणार.
भरलेल्या होत्या.
तक्ता भरलेला: तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, वेग,
सगळं तिच्या चौकोनी अक्षरात.
शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो कोराच जायचा,
फार तर "धुळीचं वादळ".
या वेळी होतं:
"श्वास धरता आला नाही.
नमुना शुद्ध नाही. जवळ माणूस होता."

म्हटलं, दुसऱ्या बाटल्या आणून देतो, पुन्हा भर.
"नको," ती म्हणाली, "हे त्यांना कळू दे."
आणि उरलेल्या शेळ्यांकडे निघून गेली.

जीपमध्ये मी बराच वेळ नुसता बसलो.
मग किल्ली फिरवली. दुसरं काय करणार,
पुढचं गाव दिवसभराच्या वाटेवर.
मागे पेटीत आवाज नव्हता.
बाटल्या एकमेकींवर आपटू नयेत
म्हणून तिनं मधे
नमद्याचा एक तुकडा घातला होता.