साचवीने

गेटपाशी रावजीभाई रोज तेच म्हणतात,
“साचवीने जजो, बेन.”
सांभाळून जा, एवढाच त्याचा अर्थ.
पण चार पिढ्या बडोद्यात काढूनही
माझ्या कानाला आधी मराठीच ऐकू येतं :
साचवून जा.

काय साचवू, रावजीभाई?
सहा वाजून दहा मिनिटांनी माझ्याजवळ असतात
डब्यात थेपले, अर्धी टाकी पेट्रोल
आणि हालोलच्या गेटवर अंगठा टेकवेपर्यंत
सदतीस किलोमीटर.

हँडलवर तारेची कमान आहे.
पाणीगेटच्या यासीनभाईंनी बसवून दिली,
उत्तरायणाला आठ दिवस असताना.
पैसे देऊ लागले तर म्हणाले,
मांज्याला माणूस दिसत नाही.
गळ्याला आईच्या शालीचे दोन वेढे,
टोक आत खोचलेलं, कारण टोक चाकाकडे ओढ घेतं.
डिस्पॅचमधल्या तेजलची ओढणी गेली होती.
ती अजून उजव्या हातानं वेणी घालत नाही.
हेल्मेटची क्लिप टक् वाजल्याशिवाय
मी क्लच सोडत नाही.
नवरा म्हणतो, देवळात शिरताना घंटा वाजवावी
तसं करतेस.
करते.

गोल्डन चोकडीनंतर रस्ता मोठा होतो
आणि मी लहान.
कंटेनरच्या डाव्या कुशीत एक जागा असते,
तिथं शिरलं की ड्रायव्हरच्या लेखी आपण नसतोच.
सासऱ्यांनी सव्वीस वर्षं एसटी चालवली.
त्यांनी सांगितलेली ही एकच गोष्ट मी मुकाट्यानं ऐकली :
त्याचा आरसा तुला दिसत नसेल
तर तू त्याला दिसत नाहीस.
असणं वेगळं, दिसणं वेगळं,
हायवेवर दुसरं आधी.

मग मी साचवायला लागते.
पुढचा टेम्पो पांढऱ्या खांबापाशी पोचला
की हेल्मेटच्या आत पाढा सुरू,
बे एके बे
बे दुणे चार
बे त्रिक सहा,
आणि मग माझं चाक त्या खांबाशी.
तेवढा रिकामा रस्ता माझा.

रिकामं काही कुणाला बघवत नाही.
लगेच एखादी इको घुसते,
नाहीतर दुधाचे कॅन लटकवलेली मोटरसायकल,
एकदा तर वरातीहून परतणारा बँडचा छकडा,
त्यात ढोलाला टेकून झोपलेला पोरगा.
तोंडात शिवी येते, ती मात्र शुद्ध मराठी.
मी मागे सरते. पुन्हा बे एके बे.
सुपरवायझर म्हणतो, तुम्ही पाच मिनिटं उशिरा.
अहो, तीसुद्धा साचवलेलीच.

मंगळवारी आसोजच्या अलीकडे धुकं होतं.
पावागड कुठंच नव्हता.
दुभाजकावरून एका उडीत रोझडं आलं,
निळसर, ओलं, घोड्याएवढं,
आणि टेम्पोचे लाल दिवे एकदम पेटले.

बे त्रिक सहा एवढी जागा होती.
दोन्ही ब्रेक मी सावकाश आवळले,
लिंबू पिळताना बी पडू नये म्हणून आवळतात तसे.
आरशात पाहिलं.
मागचा टँकर फुसफुसत, डुलत,
चांगला दोन गाड्या अंतरावर थांबला.
त्यालाही कुणीतरी पाढे शिकवले असणार.
रोझडं उभं राहून बघत होतं आम्हा सगळ्यांकडे,
नाकपुड्यांतून वाफ.
मग तुरीच्या शेतात गेलं.

रात्री घरी सांगायला बसले
तर गोष्टच होईना.
“मग काय झालं?” लेकानं विचारलं.
काही नाही.
“म्हणजे धडकलं नाही?”
नाही रे.
तो पुन्हा वहीकडे वळला,
जरा हिरमुसलाच.

त्याआधी, संध्याकाळी,
रावजीभाई गेट ढकलत होते,
दिव्याखाली चिलटं.
“आवी गया, बेन?”
मी क्लिप सोडली. कानात अजून वारा.
म्हटलं, दिसतेय ना तुम्हाला?