कोमट

गिरेसुनच्या बाजारात चाळीस वर्षं
रेम्झी दाढेखाली हेझलनट फोडून
नुसत्या आवाजावरून भाव सांगायचा.
मंगळवारी दोन दाढा काढल्या.

आता मी सूप ढवळते, फुंकते,
मनगटावर थेंब टाकून बघते,
मुलं तान्ही होती तेव्हा बघायचे तसं.
नळीनं ओढायचं नाही, डॉक्टरीणबाईंनी बजावलंय.
चमचा डाव्या गालाकडून.

तो गिळतो, डोळे मिटून.
मग जीभ जातेच त्या खळग्याकडे,
घर विकलेला माणूस
जुन्या गल्लीत उगाच चक्कर मारतो, तशी.

काल सेव्हकेत आला, मूठभर नवा माल घेऊन.
"काय भाव लावू, काका?"
रेम्झीनं एक उचलला,
ओठांपर्यंत नेला,
माझ्या हातात ठेवला.

मी दाढेखाली धरला.
त्यानं कान पुढे केला.
सूप निवत राहिलं.