पिरोश्का माश्या मोजते

सेगेडला, टिसा नदीकाठच्या प्रयोगशाळेत
मक्याच्या पिठाचा, यीस्टचा आंबूस वास.
पिरोश्का बाटलीत गॅस सोडते,
फळमाश्या पेंगतात, आडव्या होतात,
आणि कुंचल्याचं टोक त्यांना निवडू लागतं:
लाल डोळे, लाल, पांढरे, लाल.

यांचा आजा पांढऱ्या डोळ्यांचा होता.
त्याचं एक्स गुणसूत्र मुलग्यांना मिळालंच नाही,
त्यांच्या हाती नुसतं वाय, जवळपास रिकामं.
एक्स गेलं लेकींकडे, एकूण एक लेकींकडे,
आणि त्यांच्या लाल डोळ्यांमागे
मुकाट बसून राहिलं.

आता ही नातवंडं. नाती झाडून साऱ्या लाल.
नातू एकशे चार:
एकावन्न लाल,
त्रेपन्न पांढरे.
वहीत आकडा उतरतो. पेन्सिल तिथेच अडते.

रोस्केच्या मळ्यात तिचे वडील मिरच्या तोडायचे
दाबून, हुंगून, देठ वाकवून,
तरी टोपलीत हिरव्या निघायच्याच.
आई करवादायची. ते हसायचे.
पिरोश्काला बांधावरूनच कळायची पिकलेली.

आज सकाळी झोंबोर,
सहा वर्षांचा, एक बूट घातलेला,
ओट्यावरची मिरची उचलून
दाबतो, हुंगतो, देठ वाकवतो:
"आई, ही लाल आहे का गं?"

आजोबांना त्याने कधी पाहिलं नव्हतं.
मिरची तोडताना तर नाहीच.

भिंगाखाली एक पाय हलतो, मग दुसरा.
जाग्या व्हायला लागल्या.
पिरोश्का पुन्हा थोडा गॅस सोडते,
ओळ पहिल्यापासून मोजते.

त्रेपन्नच.